पडद्यातली फट

सारिका गुरव शाळेच्या धान्याच्या खोलीला कुलूप लावायला वळली आणि तिला 'कुलूप' हा शब्दच सापडेना. समोर शाळेच्या सेविका कमलमावशी उभ्या होत्या. सारिकाला म्हणायचं होतं, "मावशी, कुलूप द्या." तोंडातून निघालं, "मावशी, चमचा द्या."

मावशी हसल्या. सारिकाने पुन्हा प्रयत्न केला, तर या वेळी 'पाऊस' आला. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही आणि उजव्या हातातली कापडी पिशवी आपोआप खाली पडली.

मावशींचं हसू थांबलं. गेल्या वर्षी आरोग्य खात्याने सगळ्या शाळांतून शिकवलं होतं : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, तर एक मिनिटही थांबायचं नाही. मावशींनी सारिकाला भिंतीला टेकवून बसवलं, फोन लावला आणि मग ती पिशवी उचलून आपल्या पदराखाली घेतली. पिशवीत काय आहे ते मावशींना ठाऊक होतं. आणखी कुणालाच नव्हतं.

तासगावजवळच्या त्या गावातून रुग्णवाहिका पाऊण तासात मिरजेला पोचली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं औषध वेळेत मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकाने डोळे उघडले आणि नवऱ्याला, उमेशला, विचारलं, "अहो, मावशींनी कुलूप लावलं का हो?"

तोवर धीराने उभा असलेला उमेश खुर्चीत बसला आणि रडायला लागला.

सारिकाचं वय चव्वेचाळीस. रक्तदाब नाही, साखर नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या स्वच्छ. हृदयाचा आलेख ठीक. छातीवर यंत्र फिरवून हृदयाची सोनोग्राफीही झाली, तीही चांगली आली. चौथ्या दिवशी हृदयतज्ज्ञ डॉक्टर निलोफर मुजावर पलंगाजवळ येऊन बसल्या.

"मेंदूतली गुठळी गेली, हे उत्तम झालं," त्या म्हणाल्या. "पण ती मेंदूत तयार झालेली नव्हती. कुठून तरी वाहत आली होती. कुठून, ते मला कळलेलं नाही. जिथून एक आली तिथून दुसरी येऊ शकते."

"सोनोग्राफी तर चांगली आहे म्हणालात ना?" उमेशने विचारलं.

"चांगलीच आहे. पण मी हृदय पाहिलं ते वीस मिनिटं, आणि तेही सारिकाताई पलंगावर शांत पडलेल्या असताना. दिवसाची बाकीची वेळ ते काय करतं, ते मी पाहिलेलं नाही. आता पाहता येतं."

त्यांनी खिशातून बिस्किटाएवढी एक लवचीक चकती काढली. सोनोग्राफी म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज शरीरात पाठवायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतलं चित्र जुळवायचं. पूर्वी त्यासाठी माणसाला यंत्राकडे जावं लागे आणि कुणाला तरी हातात दांडकं धरून छातीवर फिरवावं लागे. या चकतीत आवाज पाठवणारे आणि झेलणारे हजारो ठिपके होते. ती बरगड्यांच्या मधल्या फटीवर चिकटवली की आपली आपण दिशा बदलत राहायची आणि हृदयाचे चारही कप्पे, त्यांच्या झडपा, त्यांच्यामधले पडदे, सगळं अहोरात्र टिपत राहायची. इतकं चित्रण कुठला डॉक्टर बघणार? ते संगणक बघायचा आणि नेहमीपेक्षा वेगळं जे काही असेल तेवढंच, तारीख-वेळेसकट, बाजूला काढून ठेवायचा.

"चौदा दिवस लावून ठेवायची," डॉक्टर म्हणाल्या. "पंधरवडाभर घरी विश्रांती घ्या, मग कामावर जा आणि तेव्हापासून ही लावू. एकच अट आहे. रोज जे करता ते सगळं करायचं. काही टाळायचं नाही."

सारिकाने मान हलवली. पण "सगळं" या शब्दाशी तिने उमेशकडे चोरून पाहिलं.

चकती लावल्याला चौदा दिवस झाल्यावर तिघं मिरजेला गेली. सारिका, उमेश आणि सारिकाचे वडील शंकर गुरव. त्यांना घरीदारी सगळे आबा म्हणत. वय शहात्तर. साठ वर्षं त्यांनी गावच्या देवळात पहाटे-सांजेला सनई वाजवली होती. गुरवांचं घर, पिढ्यान्पिढ्यांची सेवा. पण सारिकाचा भाऊ पुण्याला कारखान्यात लागला, आबांचे दात पडले, दम संपला आणि गेली आठ वर्षं देवळात ध्वनिमुद्रित सनई लागत होती. मुलीच्या निकालाला मी येणारच, असा आबांनी हट्ट धरला होता.

डॉक्टर मुजावरांनी भिंतीवरचा पडदा लावला. त्यावर सारिकाचं हृदय धडधडताना दिसायला लागलं.

"हे दोन वरचे कप्पे. उजव्या कप्प्यात अंगभरातलं वापरलेलं रक्त येतं. ते फुफ्फुसात जाऊन शुद्ध होतं आणि डाव्या बाजूला परत येतं, तिथून मेंदूला, सगळीकडे. दोन्ही कप्प्यांच्या मध्ये हा पडदा. आईच्या पोटात असताना बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही, म्हणून त्याचं रक्त या पडद्यातल्या एका फटीतून थेट पलीकडे जातं. जन्मल्यावर ती फट मिटते. पण चारांतल्या एकाची पुरती चिकटत नाही, नुसती लोटलेल्या दारासारखी राहते."

"म्हणजे हिला भोक आहे हृदयाला?" उमेश खुर्चीवरून अर्धवट उठला.

"घाबरू नका. कोट्यवधी लोक अशी फट घेऊन म्हातारे होतात. दार लोटलेलं राहिलं तर काहीच होत नाही. प्रश्न आहे तो ते उघडतं कधी याचा." डॉक्टरांनी एक यादी पडद्यावर आणली. "सारिकाताई, तुमचं दार चौदा दिवसांत चार वेळा उघडलं. मंगळवारी, शुक्रवारी, पुन्हा मंगळवारी, पुन्हा शुक्रवारी. दर वेळी संध्याकाळी पाच वाजून दहाच्या सुमारास, चाळीस मिनिटं. या वेळी तुम्ही काय करत होता?"

सारिका पदराच्या काठाकडे बघत म्हणाली, "शाळेत... धान्याच्या खोलीत तांदळाची पोती हलवावी लागतात."

"चाळीस मिनिटं?"

"मंगळवार-शुक्रवार तर तुमची शिक्षकांची बैठक असते ना?" उमेश म्हणाला.

डॉक्टरांनी उमेशकडे, मग सारिकाकडे पाहिलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, पण उत्तर तर हवंच होतं. "हे बघा," त्या हळूच म्हणाल्या, "चकतीला श्वासही कळतो. ही खालची रेघ त्याची. वजन उचलणाऱ्याची रेघ अशी नसते."

आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते उठून भिंतीपाशी गेले. रेघ वर चढायची, लांबवर तशीच राहायची, मध्ये बारीकशी मोडायची, पुन्हा लांबायची आणि मग एकदम खाली यायची. आबांचं बोट रेघेबरोबर हवेत सरकायला लागलं.

"इथं दम भरला," ते स्वतःशीच म्हणाले. "इथं धरला. इथं नाकानं चोरून घेतला. इथं सोडला..." बोट थांबलं. ते मागे वळले. "सारिके, सनई वाजवतीयास तू."

"हो आबा."

"कवापासून?"

"तीन वर्षं झाली."

"दम चुकीच्या जागी तोडतीयास," आबा म्हणाले. साठ वर्षांच्या सवयीने ते तोंडातून गेलं. मग ते काय बोलले हे त्यांचं त्यांनाच कळलं, चेहरा कठोर झाला आणि ते खोलीबाहेर निघून गेले.

सारिकाची गोष्ट फार मोठी नव्हती. आबांची सनई ऐकत ती वाढली. सगळ्या चाली तिला पाठ होत्या. नवव्या वर्षी तिने एकदा खुंटीवरची सनई काढून तोंडाला लावली आणि आबांनी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच त्यांनी तिच्यावर हात उगारला, तो तेव्हा. कारण कधी सांगितलं नाही. ती शिकली, शिक्षिका झाली, उमेशसारखा ठिबक सिंचनाचं दुकान चालवणारा शांत नवरा मिळाला, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. देवळातली सनई कर्ण्यातून यायला लागली तेव्हा मात्र तिला ते सहन होईना. एक दिवस मिरजेच्या वाद्यांच्या दुकानातून तिने सनई आणली. शाळेत धान्याची खोली सगळ्यात जाड भिंतींची. पोत्यांमध्ये आवाज मुरायचा. कमलमावशी बाहेर पहाऱ्याला बसायच्या.

आजारपणानंतर ती तिथे पुन्हा गेली ती दोन कारणांनी. डॉक्टरांनी सगळं करायला सांगितलं होतं, हे एक. आणि आपली बोटं पुरती परत आली की नाही, हे तिला सनईशिवाय कशावर कळणार होतं?

दवाखान्याच्या उपाहारगृहात चहा पुढ्यात घेऊन उमेश साखर ढवळत राहिला.

"मी नको म्हणालो असतो असं वाटलं तुला?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही हो म्हणाला असतात. कौतुकाने चार लोकांना सांगितलं असतंत. आणि ते आबांच्या कानावर गेलं असतं."

उमेशने विचार केला. ते खरं होतं. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "तीन वर्षं," तो म्हणाला, "दर मंगळवारी, शुक्रवारी मी कुकर लावतोय. बिचारी बैठकीत बसलीय म्हणून."

"हो."

"त्या बैठकीला मी किती शिव्या घातल्या असतील!" आणि त्याला हसू फुटलं. सारिकाही हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मला फक्त एक सांग," तो म्हणाला, "चांगली वाजवतेस का?"

"आबा म्हणाले ना, दम चुकीच्या जागी तोडते."

दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्यायची होती. डॉक्टरांनी सनई घेऊन यायला सांगितलं होतं. कमलमावशींनी पिशवी पोचती केली. सारिका पलंगावर उशाला टेकून बसली, छातीवर चकती, हाताच्या शिरेत सुई. मिठाचं पाणी हवेच्या किंचित अंशासकट दोन पिचकाऱ्यांतून इकडून तिकडे घुसळलं की त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत असे बुडबुडे होतात. ते शिरेतून उजव्या कप्प्यात येतात आणि सोनोग्राफीत पांढरेशुभ्र दिसतात. पुढे फुफ्फुसाच्या बारीक जाळीत ते अडकून विरून जातात. म्हणून डाव्या बाजूला ते दिसायलाच नकोत. दिसले, तर मधलं दार उघडं आहे.

"वाजवा," डॉक्टर म्हणाल्या.

सारिकाने एक लांब सूर धरला. शेजारच्या खोल्यांतून परिचारिका डोकावल्या. पडद्यावर उजवा कप्पा बर्फ पडल्यासारखा पांढरा झाला.

"आता सोडा!"

तिने दम सोडला. फुंकताना छातीबाहेर अडून राहिलेलं रक्त एकदम उजवीकडे धावलं, तिथला दाब वाढला, पडद्याचं ते पातळ पान फडफडून बाजूला झालं. "एक, दोन, तीन," डॉक्टर ठोके मोजत होत्या. तिसऱ्या ठोक्याला दहा-बारा पांढरे ठिपके डाव्या कप्प्यात आले आणि वर, मेंदूच्या दिशेने निघून गेले.

"झटका आला त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?"

"शाळेची सहल होती. अकरा तास बसमध्ये."

"पाय लोंबकळत. पोटरीतल्या शिरेत बारीकशी गुठळी झाली असणार. एरवी ती फुफ्फुसात अडकून विरली असती, तुम्हाला पत्ताही लागला नसता. तुम्ही शुक्रवारी सनई फुंकली आणि तिला दार उघडं मिळालं." डॉक्टरांनी दिवा लावला. "दोन वाटा आहेत. सनई बंद, रोज गोळी, आणि मी निश्चिंत. नाहीतर मांडीतल्या शिरेतून तार घालून त्या फटीवर जाळीच्या दोन चकत्या बसवायच्या, सदऱ्याच्या दुहेरी बटणासारख्या. सहा महिन्यांत त्यावर हृदयाचंच अस्तर चढतं. धोका थोडा असतो, नसतोच असं नाही. विचार करून सांगा."

आबा दाराबाहेर बाकावर बसले होते. आतली सनई त्यांनी ऐकली होती.

"सोड ते," सारिका शेजारी बसताच ते म्हणाले.

"आबा, इलाज आहे त्याच्यावर."

"इलाज असू दे न्हाईतर नसू दे. आपल्या घरात पोरीनं सनईला तोंड लावलं की काय हुतं, ते म्या बघितलंय."

आणि मग त्यांनी जे एकोणपन्नास वर्षांत घरात काढलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ यशवंत त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. गावात तशी सनई पुन्हा झाली नाही. यशवंतची दहा वर्षांची मुलगी लीला एकदा हट्ट धरून बसली आणि त्याने लाडाने देवळातली सनई तिच्या तोंडाला दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आरतीला वाजवता वाजवता यशवंतचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. चार वर्षं तो अंथरुणात होता. एक शब्द बोलला नाही.

"गाव म्हणालं, पोरीनं देवाची सनई उष्टी केली, देव कोपला. समदे म्हणाले." आबा थांबले. "मीबी म्हणालो. तिच्या तोंडावर म्हणालो. तवा मी सत्तावीस वर्षांचा हुतो, पोर धा वर्षांची. लगीन हुन जतला गेली ती परत देवळाच्या पायरीवर आली न्हाई. म्हणून तुला मारली. दुसरं कायबी मनात नव्हतं."

सारिकाचा हात नकळत गालाकडे गेला. मग ती उठली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. "अशी फट काही घरांत चालत येते," त्या म्हणाल्या. "आजोबा, तुमची तपासणी करू द्याल?"

"मला काय धाड भरलीय? साठ वर्षं फुंकलो."

"म्हणूनच."

आबा कुरकुरत पलंगावर आडवे झाले. दात पडल्यापासून सनई धरता येत नव्हती, म्हणून नुसतं तोंड मिटून जोर करायला सांगितलं. उजवा कप्पा पांढरा झाला. त्यांनी दम सोडला. पहिला ठोका, दुसरा, आणि तिसऱ्याला, लेकीच्या हृदयात दिसले होते तसेच, पांढरे ठिपके पलीकडे गेले.

आबा पडद्याकडे बघत राहिले. "हे माझं काळीज?"

"तुमचंच. तुमच्याही पडद्यात तीच फट आहे, जन्मापासून."

"मग मला कसं कायबी झालं न्हाई?"

"तुम्ही फुंकत होतात तेव्हा गुठळी आली नाही. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्या थोरल्या भावांना मी आता तपासू शकत नाही. त्यांनाही हीच फट असेल असं मला वाटतं, पण सिद्ध करता येणार नाही. मात्र लहान मुलीने सनईला ओठ लावल्याने मोठ्या माणसाच्या मेंदूत गुठळी जात नाही, हे मी लिहून देते."

आबा उठून बसले. परिचारिकेने सदरा पुढे केला तो त्यांनी नुसता हातात धरून ठेवला. "मग त्या पोरीला म्या काय बोललो," ते म्हणाले.

सारिकाने जाळी बसवून घ्यायचं ठरवलं. उमेश आदल्या दिवसापर्यंत घाबरलेला होता, पण त्याने एकदाही सोड म्हटलं नाही. सगळं पाऊण तासात झालं. ती जागी होती, आणि त्याच पडद्यावर तिला दिसत होतं : तार आली, एक चकती पलीकडे उमलली, एक अलीकडे, मधलं पान दोघींच्या चिमटीत शांत झालं. तीन महिन्यांनी पुन्हा बुडबुडे सोडले, पुन्हा तिने सनई वाजवली. उजवीकडे बर्फ पडला आणि डावा कप्पा काळाभोर राहिला. डॉक्टरांनी दहा ठोके मोजले आणि टाळी वाजवली.

आबांनी शिकवायला सुरुवात केली ती त्यानंतर. पहिला महिना सनईला हातच लावू दिला नाही, नुसता श्वास. सारिका कंटाळली, उमेश मात्र गावभर सांगत सुटला की आता बैठक घरीच भरते.

त्याच महिन्यात एका रविवारी आबा म्हणाले, "मला जतला न्या."

दोन-अडीच तासांच्या वाटेत सारिकाने डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे केले. आबाही तिच्यामागे मुकाट्याने चालले.

लीलाची पिठाची गिरणी होती. एकोणसाठ वर्षांची, सडसडीत, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली बाई. दारात काकांना बघून तिने आधी पट्टा थांबवला. गिरणीची घरघर विरली.

"काका? सगळं बरं हाय न्हवं?"

आबा पोत्यावर बसले. वाटेत त्यांनी बरंच जुळवलं होतं, ते काही आठवेना. "लीले," ते म्हणाले, "दादाला झालं ते तुझ्यामुळं न्हवतं. माझ्या काळजाला जन्मापासनं फट हाय. दादालाबी असणार. म्या डोळ्यांनी बघितली. त्यातनं गुठळी गेली. उष्ट्या सनईचा, तुझा, देवाचा कायबी संबंध न्हवता. म्या तुला जे बोललो ते खोटं हुतं. हे सांगायला आलोय."

लीला उभीच होती. तिने सारिकाकडे पाहिलं. सारिकाने मान हलवली आणि डॉक्टरांचा कागद पुढे केला. लीलाने हात पुसून तो घेतला, सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, "त्या दिशी म्या फुंकलं तवा सनईतनं सूर निघालाच नव्हता. नुसती फुस्स करून हवा. बाबा किती हसला हुता!"

"हसला हुता?"

"पोट धरून. म्हणाला, अगं ही सनई हाय, चूल न्हवं." आणि लीला हसायला लागली. पीठ लागलेल्या गालांवरून पाणी वाहून दोन रेघा उमटल्या, तरी ती हसतच होती. आबांना भावाचं ते हसू आठवलं असावं, कारण तेही हसले, आणि मग बराच वेळ दोघांनाही थांबता येईना.

दारात डबा घेऊन आलेली शेजारीण गोंधळून उभी राहिली.

"आज गिरणी बंद," लीला तिला म्हणाली. "माझ्या माहेरची माणसं आल्यात."